भांड्यांवर नाव घालून मिळेल

रविवार पेठेत, भांडी आळीच्या तोंडाशी
माझं स्टूल होतं, पंचवीस वर्षं.
अक्षराला दहा पैसे, मग चार आणे, मग रुपया.
वेलांटी फुकट. जोडाक्षर दोन धरायचो,
त्यावरून बायका भांडायच्या.
मग पाकिटातला आहेर आला.
पाकिटावर नाव पेननं घालतात.

आता धायरीला, फाउंड्रीत.
काम तेच, छिन्नी आणि हातोडी,
फक्त भांडं चौदा फुटी आहे
आणि त्याला मिशा आहेत.

आधी अकराच ठरला होता.
शेजारच्या प्रभागातला तेरा निघाला,
तेव्हा उंची वाढली. पैसे वाढले नाहीत.
वरचे तीन फूट आम्ही जाडीतून काढले,
आठ मिलिमीटरचे सहा,
पाठीकडे पाच.
पाठ कोण बघतंय, म्हणाले कारेकर.

तांबं पंच्याऐंशी. कथील पाच, जस्त पाच, शिसं पाच.
पत्रिकेत छापलंय : अष्टधातू.
उरलेले चार कुठून आणायचे,
सूर्यभान विचारतो, मुशीवरची मळी काढत.
त्याच्या भुवया दर ओतणीला जळतात
आणि पुढच्या ओतणीपर्यंत उगवतात, बहुतेक.

इलियास बारीक.
म्हणून तळपायाच्या भोकातून तोच आत जातो वेल्डिंगला.
समिती पाहणीला आली तेव्हा तो छातीत होता.
बाहेर वाद : मिशा वर वळवायच्या की खाली.
दोन गट, दोन मिशा, मधे शिल्पकार घाम पुसतोय.
एवढ्यात साहेबांच्या आतून आवाज आला,
घुमून, जड,
पाणी द्या.
सगळे गप्प.
एकानं तर हात जोडले.

भंगार जुन्या बाजारातून येतं, टेम्पोनं.
नळ, पंपाचे पंखे, जळक्या मोटारींची गुंडाळी, घंगाळं, बंब.
एका बुधवारी पोत्यातून कळशी निघाली.
गळ्याभोवती ठिपक्याठिपक्यांत :
चि. सौ. कां. इंदुप्रभा हिस
आत्याबाई सुपेकर यांजकडून, १७-५-८४.

'प्र' माझा.
त्याची तिरकी रेघ मी अशीच ओढतो, जरा जास्त.
सतरा मे म्हणजे ऐन लग्नसराई,
त्या दिवशी साठेक भांडी केली असतील,
चेहरा कुठला आठवायला.
आत्याबाई असतील शेजारी उभ्या,
अक्षरं मोजत.

कळशी बाजूला ठेवली.
कारेकर म्हणाले, वजनात धरलीय ती, अडीच किलो.
मी मनात भाव लावला.
माझे दोन दिवस होत होते.
दोन दिवस काही फार नाहीत,
तरी मी उठलो आणि
मीच टाकली मुशीत.
आधी पाण्यासारखा काठ गेला, मग गळा.
त्या ओतणीत डावा बूट झाला.

टाचेच्या आत बोटभर सपाट जागा होती.
टोचा खिशातच असतो माझ्या.
पुढचं सांगत नाही,
काम अजून गॅरंटीत आहे.

पुतळा चौकात उभा राहिला आणि आचारसंहिता लागली.
पाच महिने निळ्या ताडपत्रीत,
पावसाळा आत, कबुतरं वर.
मग अनावरण. आम्हाला पास नव्हते,
बॅरिकेडच्या अलीकडून टोपी तेवढी दिसली.
ग्रॅनाइटवर एकतीस नावं, मशीननं कोरलेली,
'सौजन्य'मधला एक काना गायब.
मी असतो तर फुकट घातला असता.

पुणेकर येतात, नावं ठेवतात :
नाक बसकं, हात आखूड, तोंड नेमकं कचराकुंडीकडे.
ठेवू देत.
आत जागा पुष्कळ आहे.

परवा सकाळी लवकर गेलो.
चबुतऱ्यावर चढून डाव्या बुटावर
नाण्यानं वाजवून पाहिलं,
कळशी वाजवून घेतात तसं.
बरा बोलला.
वॉचमन धावत आला. काका, उतरा खाली,
कोण लागतात तुमचे हे?

मुलीकडचे, म्हणालो.